डॉ. खरे यांचें मुख्य प्रधानपद

डॉक्टर नारायण भास्कर खरे यांच्या राजकीय चरित्राचा विचार करतांना दृष्टि १९३८ च्या जुलै महिन्यावर खिळते. आदल्या वर्षीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले होते. पुढें महाकोशलांतील शुक्ल, मिश्र व मेहता या सहकाऱ्यांशीं त्यांचें बिनसलें. डॉक्टरांनीं स्वतः राजीनामा दिला व इतरांसही मागितला. पक्षश्रेष्ठींच्या अनुज्ञेवांचून तो देण्यास तिघे तयार होईनात. तेव्हां गव्हर्नर वायली यांनीं त्यांस बडतर्फ करून नवें मंडळ बनविण्यास डॉक्टरांसच पाचारण केलें!

मुख्य प्रधान गेला कीं मंत्रिमंडळ गेलें, ही विलायती वहिवाट डॉक्टरांच्या बाजूची होती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु गव्हर्नरांनीं आपले खास अधिकार वापरूं नयेत म्हणून ज्या पक्षानें १९३७ त अधिकारग्रहण तीन महिने लांबविलें, त्याच पक्षाच्या पुढाऱ्यानें गव्हर्नरी अधिकाराचा आसरा सहकाऱ्यांविरुद्ध घ्यावा, याचें समर्थन वहिवाटींतून निघत नाहीं. थोड्याच दिवसांत त्यांना पायउतार व्हावें लागलें व शुक्ल मुख्य प्रधान झाले. हा महाराष्ट्रीयांवरील अन्याय होय, अशी ओरड आपल्याकडे झाली. ती सर्वस्वीं निराधार नसली, तरी मूळ प्रश्न तिनें झांकला. (नव्या अल्पायुषी मंडळांत अग्निभोज या हरिजन सभासदास स्थान होतें, हें मात्र सोयिस्करपणें विसरलें जातें.)

१९४३ सालीं डॉक्टर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. काँग्रेसचे बहुतेक पुढारी त्या वेळीं तुरुंगांत होते.