रंगमंच आणि वाचनपीठ

गुड फ्रायडेच्या उपासनेत योहानलिखित दुःखसहनाचा वृत्तांत आपण सर्वांनी उभे राहून ऐकलेला आहे. अनेक चर्चमध्ये ख्रिस्ताचे शब्द एक जण वाचतो, निवेदन दुसरा करतो आणि पिलात, पेत्र, जमाव यांची वाक्ये तिसऱ्याच्या वाट्याला येतात. पिलात सत्याविषयीचा आपला प्रसिद्ध प्रश्न विचारतो, तो उपहासाने, कंटाळून की खऱ्या जिज्ञासेने? शुभवर्तमानकाराने याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. वाचकाला मात्र कोणता ना कोणता सूर लावावाच लागतो आणि तो लावताच पिलाताविषयीचा निवाडाही होऊन जातो. श्राव्य पुस्तकांच्या कलेतला सारा पेच या एका प्रसंगात सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मोबाईलवर मराठी पुस्तके ऐकण्याची सवय घराघरांत रुजू लागली. वाचनासाठी साहजिकच रंगभूमीवरील नटनट्यांकडे वळले जाते. त्यांचा आवाज कमावलेला असतो आणि उच्चार स्वच्छ असतात. पण नाटकात कसलेला नट पुस्तकाचा चांगला वाचक होतोच का? या प्रश्नाचा विचार करताना दोन इंग्रजी वाचकांची कामगिरी आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

पहिले अलेक्झांडर स्कॉर्बी. १९१३ साली ब्रुकलिनमध्ये एका ग्रीक कुटुंबात जन्मलेला हा नट न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकांतून घडला. अमेरिकेत १९३४च्या सुमारास अंधांसाठी बोलकी पुस्तके निघू लागली होती. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंधरा मिनिटांचे वाचन मावे, त्यामुळे एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागे. स्कॉर्बी १९३७ पासून या कामात पडले आणि पुढील आयुष्यात चारशेहून अधिक पुस्तके त्यांनी अंधांसाठी वाचली. किंग जेम्स बायबलचे त्यांचे संपूर्ण वाचन विशेष गाजले. तो प्रॉटेस्टंट परंपरेतील पाठ. त्यात ६६ पुस्तके, आपल्या बायबलमध्ये ७३. तथापि वाचनाचा धडा कोणीही घ्यावा असाच आहे. स्कॉर्बी पात्रांसाठी आवाज बदलत नाहीत. खोल, संथ स्वरात ते वाक्याचा अर्थ तेवढा उलगडत जातात. दोष काढायचाच तर हा, की ईयोबाचा आक्रोश आणि वंशावळींची यादी त्यांच्या तोंडी एकाच भारदस्तपणाने येते. दुःखाला थोडा ओलावा हवा होता.

दुसरे जिम डेल. जन्म १९३५चा. इंग्लंडच्या विनोदी रंगमंचावरून ते नॅशनल थिएटरपर्यंत पोहोचले आणि १९८० साली 'बार्नम' या संगीतिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. १९९९ ते २००७ या काळात हॅरी पॉटरचे सातही भाग त्यांनी अमेरिकेतील श्रोत्यांसाठी वाचले. पाचव्या भागात त्यांनी १३४ पात्रांना १३४ आवाज दिले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. मुले खिळून राहतात यात नवल नाही. पण हर्मायनी ही हुशार, धीट मुलगी त्यांच्या आवाजात आमच्या कानांना किरकिरी वाटली. लेखिकेने तिला किरकिरी म्हटलेले नाही; म्हटले ते वाचकाच्या गळ्याने. पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाला हर्मायनी स्वतः ओळखण्याची मुभा असते. ऐकणाऱ्या मुलाची ती मुभा पहिल्याच संवादात संपते.

रंगमंचाची शिकवण म्हणून निरुपयोगी ठरते असे नव्हे. श्वास कोठे घ्यावा, विराम किती लांबवावा, वाक्यातील कोणत्या शब्दावर भार द्यावा, हे नटाला तालमीने समजलेले असते. विसरायचे असते ते निराळेच. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर असतो आणि त्याला गिळलेली थुंकी व सदऱ्याची सळसळही ऐकू जाते. नाटकात भुवई उंचावली की अर्धे काम होते; येथे भुवई कोणाला दिसणार? नटाला एक भूमिका आणि महिनाभराच्या तालमी मिळतात. वाचकाला तीनशे पाने, त्यांतील सगळी माणसे आणि शिवाय लेखक स्वतः एकट्याने पेलावा लागतो. समोर हशा नाही, टाळी नाही. दहाव्या दिवशीचा आवाज पहिल्या दिवसाशी जुळवायचा, तोही बंद खोलीत.

मराठीपुरती एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटीच येतो. 'मी त्याला क्षमा करणार नाही' या वाक्यातील सारा निर्णय शेवटच्या शब्दात आहे. भावनेच्या भरात वाक्याचा प्रारंभ उंच उचलून शेवट गिळणारे वाचक आम्ही ऐकले आहेत. छापील पानावर डोळा मागे वळतो, तसा कान वळत नाही. ज्या वृद्धांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांच्यासाठी तर मागे वळून पाहण्यास पानच उरलेले नसते. त्यांना जे ऐकू आले तेच पुस्तक.

याहून गंभीर बाब आपल्या समाजाशी निगडित आहे. कथेत ख्रिस्ती परिचारिका किंवा वसईचा बागायतदार आला की काही वाचक ठरावीक विनोदी हेल काढतात. तो हेल ना आपल्या सामवेदीचा असतो, ना वाडवळीचा. तो जुन्या नाटक-सिनेमांतून उचललेला असतो. लेखकाने ज्या माणसाला मान दिला, त्याची गळ्याच्या एका वळणाने थट्टा होते. असे आवाज म्हणजे कलेची समृद्धी नव्हे. तो आळस आहे.

ऐकून ग्रंथ आत्मसात करणे आपल्याला नवे नाही. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलच्या मुखपृष्ठावर ते चर्चमध्ये वाचण्यासाठी असल्याचे नमूद होते. पाचच वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे क्रिस्तपुराण गोव्यात छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या चर्चमध्ये वाचल्या-गायल्या जात आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी पोहोचत. ओवी म्हणणाऱ्याकडे श्रोत्यांचे लक्ष जाई ते ओवीसाठी.

तेव्हा आमचा कौल थोड्या फरकाने स्कॉर्बींच्या बाजूने आहे. डेल यांच्या प्रतिभेविषयी आदर राखून आम्ही म्हणू, की नटाने पात्राकडे बोट दाखवावे, पात्राला झाकू नये. घरातील वडीलधाऱ्यांसाठी पुस्तक निवडताना आधी दहा मिनिटे स्वतः ऐकावे. ऐकून झाल्यावर कथेतली माणसे आठवत असतील, तर ते पुस्तक खुशाल त्यांच्या हाती द्यावे. नुसता आवाज आठवत असेल, तर दुसरा वाचक शोधावा. आणि तो न मिळाल्यास घरातल्याच कोणी शेजारी बसून रोज चार पाने वाचून दाखवावीत.