शकुंतलेचा चेक

सौंदर्य म्हणजे काय, हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाला पडू नये. महिनाअखेरीस ट्रायल बॅलन्स जुळल्यावर जे दिसते ते सौंदर्य, अशी माझी साधी व्याख्या होती. पण परवा आमची करी रोडची चाळ रिकामी करायची वेळ आली आणि सौ.ने विचारले, "ही शकुंतला न्यायची, की भंगारात द्यायची?"

शकुंतला म्हणजे राजा रविवर्म्याची, छापील. पायातला काटा काढायचे निमित्त करून मागे वळून बघणारी. रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात छापखाना काढला आणि पहिलेच चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे. तेव्हापासून राजवाड्यातली मंडळी दहा बाय बाराच्या खोल्यांत राहायला आली. आमची तर पन्नासेक वर्षे, भिंतीची ओल सोसत, काटाच काढते आहे.

आता जरा टीकाकार होतो. हे चित्र म्हणजे कालिदासाच्या खात्यावर काढलेला चेक आहे. दुष्यंत चित्रात नाहीच, तो 'शाकुंतला'त. नाटक ठाऊक असेल तर चेक वटतो, नाहीतर एका बाईच्या पायात काटा रुतला, एवढेच! मग सौंदर्य चित्रात, की बघणाऱ्याच्या शिलकेत? बा. सी. मर्ढेकर म्हणतील, गोष्ट बाजूला ठेवा. संवाद, विरोध, समतोल या लयीच्या नियमांत सौंदर्य शोधा. समतोल म्हटल्याबरोबर मी अर्थातच त्यांच्या बाजूला गेलो.

घोटाळा केला तो आजीने. ती अंगठा उठवणारी. कालिदासाकडे तिचे खाते असण्याचे कारण नव्हते. आजोबा इथे गिरणीत आणि ती कोकणात, अशी बारा वर्षे काढून मग ती करी रोडला आली. लहानपणी मी विचारले, "आजी, हिला काटा टोचलाय का गं?" स्टोव्हला पंप मारता मारता ती म्हणाली, "काटाबिटा काय नाय रे. वाटंवर कोन येतंय का, बगते ती."

चेक वटला की हो! कुठल्या खात्यातून?

म्हणून बांधाबांध सोडून मी चित्र नीट पाहिले. चेहरा, खरे सांगायचे तर, संगीत नाटकातला. पण हात पावलाकडे आणि नजर पाठीमागे! देह एक सबब सांगतो, मान दुसरेच बोलते. मर्ढेकरांचा विरोध तो हाच असावा. आजीला तेवढा पुरला. नाटक ठाऊक असले तर चित्र व्याज देते. मुद्दल मात्र त्या वळलेल्या मानेत आहे. नुसत्या गोष्टीच्या जिवावर काढलेली चित्रे कॅलेंडरावर ढिगाने असतात. गोष्ट विसरली की ती परत येतात, शेरा मारून.

"न्यायची," मी सौ.ला सांगितले.

नवे घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे. तिथून वाट दिसत नाही, एवढीच काय ती अडचण.