महामंदीची चलनमीमांसा : एक परामर्श

मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांचा अमेरिकेच्या चलनाचा इतिहास १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२९ च्या महामंदीच्या कारणमीमांसेस निराळे वळण लागले. तोवर शेअरबाजाराची पडझड व खर्चातील घट यांवरच अभ्यासकांचा मुख्य भर असे. ग्रंथकारांचे प्रतिपादन असे की, मंदी आली तरी तिची महामंदी होणे अटळ नव्हते. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतील चलनपुरवठा सुमारे एक-तृतीयांशाने घटला, हजारो बँका बुडाल्या. आणि फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकव्यवस्था, हाती उपाय असताना, निष्क्रिय राहिली.

हे प्रतिपादन बहुतांशी ग्राह्य आहे. बँक बुडाली म्हणजे केवळ ठेवी अडकतात असे नव्हे. उरलेल्या बँकाही कर्जे आखडतात, लोक रोकड घरी ठेवतात, भाव उतरतात आणि उतरत्या भावांमुळे जुन्या कर्जाचा खरा भार वाढतो. त्यातून आणखी बँका बुडतात. परिणामच पुन्हा कारण बनण्याची ही क्रिया ग्रंथकारांनी साधार दाखविली आहे.

परंतु ही निष्क्रियता का, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अपुरे वाटते. न्यूयॉर्क येथील बेंजामिन स्ट्राँग यांचे १९२८ मध्ये निधन झाले व नेतृत्व दुबळे झाले, यावर ते विशेष भर देतात. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण सोडताच अमेरिकेतून सोने बाहेर जाऊ लागले. तेव्हा ऑक्टोबरमध्ये, बँका कोसळत असतानाच, न्यूयॉर्कच्या रिझर्व्ह बँकेने आपला दर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. ग्रंथकार या घटनेची चिकित्सा करतात. तथापि तिच्यामागे व्यक्तीच्या उणिवेपेक्षा सुवर्णरक्षणाचा रूढ दंडकच अधिक होता. बॅरी आयकेनग्रीन यांनी १९९२ मध्ये हाच धागा पुढे नेला. सुवर्णपरिमाण लवकर सोडणारे देश सामान्यतः लवकर सावरले. १९३६ पर्यंत त्यास चिकटून राहिलेल्या फ्रान्समध्ये मंदी लांबली.

हिंदुस्थानचा अनुभवही या आक्षेपास पुष्टी देतो. येथे अमेरिकेसारखी बँकांची पडझड झाली नाही. तरीही शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर आले. रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा बांधलेला असल्याने जागतिक भावघट थेट शेतकऱ्याच्या दारी पोहोचली. सावकाराचे देणे मात्र रुपयांत ठरलेले, म्हणून ते जसेच्या तसे राहिले. १९३१ नंतर मुंबई बंदरातून परदेशी गेलेल्या सोन्यात संकटात विकलेल्या दागिन्यांचा मोठा वाटा होता.

सारांश, अमेरिकेत मंदी इतकी तीव्र का झाली, हे या ग्रंथाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. मात्र ती देशोदेशी का पसरली, याचे उत्तर बँकांच्या हिशेबाबरोबर विनिमयदरांच्या इतिहासातही शोधावे लागते.