निवाडा आणि आरोपाची चौकट

पंढरपूरच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा उल्लेख समाजसुधारणेच्या इतिहासात नेहमी येतो. साहित्यविचारात मात्र क्वचितच. प्रार्थना समाजाशी निगडित लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये ते सुरू झाले. (पुण्यात जोतीराव फुल्यांनी असे गृह १८६३ मध्येच काढले होते.) लालशंकर न्यायखात्यात होते, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. यात्रेच्या गर्दीत निनावी राहता येत असल्याने गरोदर विधवांना या क्षेत्री आणून सोडले जाई. न्यायदान हे ज्याचे काम, त्यानेच बालहत्येवर शिक्षेऐवजी पाळण्याचा उपाय योजावा, यात दोषनिश्चितीच्या मर्यादेची कबुली आहे. ती निकालपत्रात मात्र लिहिता येत नाही.

का येत नाही, हे १८८१ च्या सुरत येथील विजयालक्ष्मी खटल्यावरून कळते. अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल या तरुण ब्राह्मण विधवेला प्रथम फाशी, अपिलानंतर जन्मभर काळे पाणी आणि अखेरीस पाच वर्षे अशी शिक्षा झाली. दोषी हा शब्द तिन्ही वेळा कायम राहिला. त्याचे वजन मात्र पालटत गेले. याचा उलगडा दयाबुद्धी असा करता येईल. पण ही दया कशाच्या जाणिवेतून आली, हा प्रश्न उरतोच, आणि निकालाच्या भाषेत त्याला जागा नाही.

ही जागा ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ने (१८८२) निर्माण केली. या निबंधाकडे विधवेची वकिली म्हणून पाहण्याची सवय अपुरी आहे. हत्या घडलीच नाही, असे ताराबाई म्हणत नाहीत. त्या आरोपीच्या पिंजऱ्याची रुंदी वाढवू पाहतात. गर्भ ठेवून नामानिराळा राहिलेला पुरुष, १८५६ च्या कायद्याने मान्य झालेला पुनर्विवाह नाकारणारी रूढी, तिला पाठबळ देणारे शास्त्रकार, सगळेच त्यांच्या लेखी आरोपी आहेत. त्यांचा सूर पुष्कळदा एकतर्फी होतो, हे मान्य करावे लागेल. सरसकट पुरुषजातीला दोषी ठरविताना त्याही निवाड्याचीच भाषा वापरतात. तरीही वाद निकालाशी नसून आरोपाच्या मांडणीशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने (१९६७) हीच मांडणी उलटी करून दाखविली. लीला बेणारेवर लुटुपुटीच्या कोर्टात आरोप येतो भ्रूणहत्येचा, आणि त्याच कोर्टाचा निकाल तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा. म्हणजे ज्या कृत्यासाठी आरोपी उभी केली, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावले जाते. प्रा. दामले तर नाटकभर अनुपस्थितच. ताराबाईंना जो पुरुष पिंजऱ्यात हवा होता, त्याची खुर्ची तेंडुलकर मुद्दाम रिकामी ठेवतात.

बेणारे निर्दोष आहे, असे नाटक सिद्ध करते काय? अनेक आस्वादक वाचने तसे गृहीत धरतात. संहितेचा आधार मात्र त्याला नाही. बचावासाठी तिला दहा सेकंद मिळतात. त्या अवधीत ती जे प्रदीर्घ स्वगत बोलते ते प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. सारी पात्रे गोठलेली असतात. ती हलू लागतात तेव्हा वेळ संपलेली असते आणि काशीकर निकाल वाचतात.