सच्छिद्र नळी : एका रूपकाची मर्यादा

मातीतून नायट्रस ऑक्साइड कसा निसटतो हे समजाविण्यासाठी फायरस्टोन व डेव्हिडसन यांनी १९८९ साली छिद्रे पडलेल्या नळीचे रूपक योजिले. नळीतून वाहतो तो नत्र. छिद्रांचा आकार ठरवितो तो मुख्यत्वे ओलावा. माती कोरडी असता नायट्रिक ऑक्साइड, ओली असता नायट्रस ऑक्साइड आणि चिंब झाली की निरुपद्रवी नत्रवायू अधिक सुटतो. एवढा गुंता एका चित्रात बसविणे ही लहान कामगिरी नव्हे.

तथापि या चित्रात कर्बाला जागा कोठे? ओल्या मातीत हिरवळीचे खत गाडले की ते कुजविताना सूक्ष्मजीव प्राणवायू संपवितात. माती पाण्याने पुरती भरलेली नसली तरी ढेकळांच्या पोटात प्राणवायूविरहित कोपरे तयार होतात व तेथे विनायट्रीकरण सुरू होते. म्हणजे नळीला भोके पाडण्यात कर्बाचाही हात असतो. लेखकद्वयाच्या विवेचनात कर्ब येतो, हे खरे. पण विद्यार्थ्याच्या ध्यानी राहावयाचे ते चित्रच. मग खतातील नत्राचा हिशेब होतो आणि कर्बाचा राहून जातो.

येथे शेतकऱ्याच्या ‘वाफसा’ या शब्दाची आठवण होणे साहजिक आहे. मातीत पाणी व हवा एकत्र नांदत असल्याची ती अवस्था. ‘मृदार्द्रता’ या पारिभाषिक शब्दात हवेचा मागमूस नाही. अर्थात कर्बाविषयी वाफसाही मुकाच आहे : खत गाडलेल्या रानाला आणि न गाडलेल्या रानाला शब्द एकच.