गाण्याचा पत्ता

गीताचा जीव शब्दांत की चालीत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा अनुबोधपट पाहिल्यापासून मला वाटू लागले आहे, की या वादाला तिसरी बाजूही आहे: गाणे कुणाच्या दारात म्हटले जाते, ही.

आंबेडकरी शाहिरी आमच्या सांगोल्याला नवी नाही. चौदा एप्रिलला कर्ण्यावरून ती गावभर ऐकू येते. परंतु कर्णा आवाज पोचवतो, माणूस पोचवीत नाही. गाणारा कुठे राहतो, त्याच्यामागे झील धरणारे कोण, समोर बसलेल्या बायकांचे डोळे कशाने भरतात, हे मला या चित्रपटाने दाखवले.

या गायकीचे मूळ जलशात आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी चळवळीत आणला. ढोलकी तीच, झीलही तीच. विषय मात्र शाळेचा, पाणवठ्याचा, देवळाच्या बंद दाराचा. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ही परंपरा गावोगाव नेली. शेजारून लाल बावट्याची शाहिरीही वाहत होती. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख त्या बाजूचे.

हे दोन्ही प्रवाह विलास घोगरे या शाहिराच्या गळ्यात एकत्र आले होते. पटवर्धनांनी 'हमारा शहर' (१९८५) मध्ये त्यांचे गाणे आधीच टिपले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. काही दिवसांतच घोगऱ्यांनी गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने त्या वेळी डोक्याला निळे फडके बांधले होते. हा चित्रपट तेथून सुरू होतो आणि त्यासाठी चौदा वर्षे चित्रण चालले.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. तीन तासांच्या पटात पुढाऱ्यांची भाषणे जागा फार खातात. गाणे रंगात आले असता मध्येच तोडले जाते, आणि ते गाणे न राहता पुरावा होऊन बसते. मात्र शीतल साठे आणि कबीर कला मंचाची मुले गाऊ लागतात, तेव्हा जलसा ही संग्रहालयातली वस्तू नाही, हे सांगावे लागत नाही. त्या मुलांपैकी काहींना चित्रपट संपेपर्यंत भूमिगत व्हावे लागते. ज्या गाण्याला एवढी किंमत पडते, त्याला 'प्रचार' म्हणून बाजूला सारणारी समीक्षा मला तोकडी वाटते.

वर्गात पोवाडा शिकवताना आम्ही मास्तर अलंकार विचारतो, रस विचारतो. तो कुणासमोर म्हटला गेला आणि ऐकून ती माणसे काय करायला उठली, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही. तो यायला हवा. कारण शाहिरीचा अर्धा अर्थ त्या उत्तरात आहे.