देह कुणाच्या मापाचा?

१९९५ची 'टफ' बुटांची जाहिरात आठवा. मधू सप्रे, मिलिंद सोमण, अंगाभोवती अजगर, पायांत फक्त बूट. अश्लीलतेचा खटला १४ वर्षं चालला. २००९मध्ये दोघं सुटले. आपण भांडलो ते कपड्यांवरून. त्या घोटीव देहाचा आपल्यावर पडणारा दाब कुणी तपासलाच नाही. फ्रान्सनं २०१७मध्ये वेगळा प्रश्न विचारला: मॉडेल निरोगी आहे का? डॉक्टरचा दाखला आणा.

इथं नवी पेठेत बघा, कापडदुकानाच्या काचेआड तसाच सडपातळ पुतळा उभा असतो. ड्रेस बसला नाही की आपण पोरीलाच म्हणतो, 'जाड झालीस गं!' चूक मापाची असेल, हे आपल्या मनातही येत नाही. अब्रूसाठी आपण कोर्ट गाठलं. पोरीच्या बाजूनं मात्र दुकानातसुद्धा बोललो नाही.